'हवा' चौदाची, भाव चार हजारांच्या खाली

आमच्या लोणार भागात सोयाबीनच्या ओलाव्याला 'हवा' म्हणतात. "भाऊ, हवा किती?" मीटरवरचा तो एक आकडा अख्ख्या हंगामाचा निकाल लावतो.

२०२४ ची गोष्ट. सोंगणीच्या तोंडावर पाऊस आला, सुडी खालून भिजली. दिवाळीआधी पैसे पाहिजे होते म्हणून घाईत मळणी केली आणि कट्टे घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. हमीभाव ४,८९२ रुपये, अट १२ टक्के ओलाव्याची. मीटर म्हणालं चौदा पॉइंट आठ. "वाळवून आणा." कुठं वाळवू? वर आभाळ, अंगणात चिखल. शेवटी व्यापाऱ्याला ३,८०० नं दिलं. नोव्हेंबरच्या मध्यात केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. तोवर माझे कट्टे कधीच गेले होते.

नंतर हिशोब केला. १० क्विंटल माल १५ वरून १२ टक्क्यांवर आणायचा तर फक्त ३४ किलो पाणी काढावं लागतं. ते वजन घटलं तरी हमीभावानं सव्वासत्तेचाळीस हजार आले असते. मला मिळाले ३८. म्हणजे ३४ किलो पाण्यापायी नऊ हजार गेले राजेहो!

माझा भाचा वाळूजला औषधाच्या कारखान्यात आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, आमच्याकडं गोळ्यांसाठी हवा वाळवतात." तिथं एक मोठं चाक असतं, मधमाशीच्या पोळ्यासारखं बारीक भोकांचं. त्यावर सिलिका जेल असतं, तेच जे बुटाच्या खोक्यात पुडीत येतं. चाक तासाला आठ-दहा फेऱ्या इतकं सावकाश फिरतं. मोठ्या भागातून खोलीची हवा जाते, तिचा ओलावा जेल धरून ठेवतं. उरलेल्या भागातून शंभर अंशांच्या वर तापवलेली हवा सोडतात, ती जेलमधलं पाणी बाहेर घेऊन जाते. चाकाचा तो भाग पुन्हा कोरडा. बाहेर धो धो पाऊस असला तरी आत हवा कोरडीच.

आता कोणी म्हणेल, सोयाबीनला हे कशाला? बरोबर आहे. हे चाक महाग, वीजही खातं. विकायच्या मालाला साधा गरम हवेचा ड्रायर पुरे. पण बियाण्याचं तसं नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक, दाणा जास्त तापला की उगवण गेली. त्याला कमी उष्णतेची, कोरडी हवाच पाहिजे. दरवर्षी जूनमध्ये बियाणं उगवलं नाही म्हणून दुबार पेरणी करणारे आपणच आहोत ना? घरचं बियाणं नीट राहिलं तर एका बॅगेचे पैसे वाचतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तालुक्यात गोदामं बांधा, पण नुसत्या भिंती आणि पत्रे नकोत. खरेदी केंद्राजवळ भाड्यानं चालणारा एक ड्रायर द्या. शेतकरी कंपन्यांच्या बियाणं गोदामात एक खोली तरी कोरड्या हवेची करा. आणि ओलाव्याची सूट द्यायचीच असेल तर खरेदी सुरू व्हायच्या दिवशी द्या, माल विकून झाल्यावर नको.

गोळी सादळू नये म्हणून एवढी व्यवस्था होते. दाण्यासाठी का नाही?

तुमच्या मालाची हवा किती लागली होती आणि भाव काय मिळाला, खाली लिहा. आकडे एकत्र करून निवेदन देऊ.