गेसिंकचा हात

गेल्या रविवारी सकाळी पोहे खाता खाता यूट्यूबवर काहीतरी भलतंच शोधत होतो आणि भरकटत भरकटत थेट १९६४ सालात जाऊन पोचलो. टोकियो ऑलिंपिक, पुरुषांचा ज्युदो, खुल्या गटाची फायनल. आता ज्युदोतलं मला ओ की ठो कळत नाही. शाळेत असताना कॉलनीतल्या कराटे क्लासला दोन महिने गेलो होतो, तेवढंच काय ते. तरी ती क्लिप लागोपाठ तीन वेळा पाहिली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जिगोरो कानो या गृहस्थांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही शाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. समोरच्याच्या ताकदीला ताकदीनं भिडायचं नाही, तीच वापरून त्याला पाडायचं, ही त्यातली मुख्य गंमत. म्हणजे लहान चणीचा माणूससुद्धा धिप्पाड गड्याला लोळवू शकतो. १९६४ ला ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तोही जपानच्या घरात. चार गट होते : ६८ किलोपर्यंत, ८० किलोपर्यंत, ८० च्या वर आणि खुला. पहिल्या तिन्ही गटांची सुवर्णपदकं जपाननं घेतली. पण खरी परीक्षा चौथ्या गटात. तिथे वजनाची अटच नाही, त्यामुळे तंत्र मोठं की शरीर, याचा निकाल तिथेच लागणार!

२३ ऑक्टोबर. खास ज्युदोसाठी बांधलेलं नवंकोरं बुदोकान. एका बाजूला जपानचा अकिओ कामिनागा, दुसऱ्या बाजूला नेदरलँड्सचा साडेसहा फुटी आंतोन गेसिंक. हा काही नवखा नव्हता. १९६१ ला पॅरिसमध्ये जगज्जेता झालेला, आणि याच स्पर्धेत आधीच्या फेरीत त्यानं कामिनागाला एकदा हरवलंही होतं. तरी फायनल नऊ मिनिटांच्या वर चालली. शेवटी कामिनागाचा एक डाव फसला आणि गेसिंकनं त्याला खाली घेतलं. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. इथे तसं नाही, तेव्हाच्या नियमानं ३० सेकंद दाबून धरावं लागायचं. ते तीस सेकंद बघवत नाहीत हो. कामिनागा पाय झाडतोय, वळायचा प्रयत्न करतोय, आणि वरचा डोंगर काही हलत नाही.

वेळ संपली. नेदरलँड्सचे लोक आनंदानं मॅटकडे धावले. आणि गेसिंकनं हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. ज्युदोत दोघांनी कपडे नीट करून, समोरासमोर उभं राहून, वाकून नमस्कार केल्याशिवाय सामना संपत नाही. हरलेला माणूस अजून मॅटवर होता.

मी क्लिप तिथे पॉज केली आणि पोहे गार झाले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या प्रोजेक्टवर एक सीनियर होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. रात्री चालणारा बिलिंगचा अख्खा मोड्यूल त्यांनी एकट्यानं लिहिलेला. तो सहा तास घ्यायचा. मी दोन महिने खपून तो नव्यानं लिहिला आणि डेमोत चाळीस मिनिटांत पळवून दाखवला. मीटिंग रूममध्ये टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी ओरडलं, "दादा, आता पेन्शन घ्या!" सगळे हसले. मीही हसलो. दादा लॅपटॉपच्या चार्जरची वायर गुंडाळत होते. फार सावकाश गुंडाळत होते.

त्या मोड्यूलमधलं एकेक टेबल मला त्यांनीच समजावून दिलं होतं, जॉइन झालो तेव्हा, चहाच्या टपरीवर, टिश्यू पेपरवर आकृत्या काढून. महिन्याभरात ते दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले. कोणी पाठवलं नाही, त्यांनीच मागून घेतलं.

माझा कोड चांगलाच होता, जिंकल्याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. गेसिंकनंही मुद्दाम ढिलाई दिली नव्हती, पूर्ण तीस सेकंद दाबलंच की! पण शिट्ट्या मारणारी पोरं माझी होती. त्यांना दादा गप्प करू शकत नव्हते. ते फक्त मीच करू शकलो असतो, एक हात वर करून.

संध्याकाळी दादांना फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "दादा, त्या डेमोच्या दिवशी..."

"अरे हो," ते मध्येच म्हणाले, "ती जॉब अजून चाळीस मिनिटांतच होते का रे?"

"पंचावन्न झालीत आता. डेटा वाढलाय."

"मग इंडेक्स बघ एकदा. शनिवारी ये घरी, बसू."

सॉरी राहूनच गेलं. असो, शनिवारी जातोय.