सात दिवसांचा मुक्काम

बहारीनमधली चोवीस वर्षांची नोकरी आटोपून माझे भावजी कायमचे परत यायला निघाले, तेव्हा हाती येणाऱ्या पैशांचं काय करायचं याबद्दल आमच्या नात्यातल्या प्रत्येकाकडे एकेक सल्ला तयार होता. टिळकवाडीत फ्लॅट घ्या. बँकेत ठेवा. मुलीच्या शिक्षणाला हात लावू नका. ताई-भावजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि त्यातल्या एका हिश्श्याची विमानाची तिकिटं काढली. पाच महिने, दोन्ही मुलांना घेऊन, जुन्या मित्रमैत्रिणींच्या घरी. श्रीलंकेत नेगोंबो, मग नैरोबी, लिस्बन आणि शेवटी इंग्लंडमधलं स्विंडन. भाची नुकतीच बारावी झाली होती, भाचा दहावी. "पोरांचं वर्ष वाया घालवताय," असं आमच्या थोरल्या काकांनी तोंडावर सांगितलं. ताई म्हणाली, "काका, आमच्या लग्नाला तुम्ही होता, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांना ही माणसं होती."

आखातात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे मैत्रीला व्हिसाची मुदत असते. नोकरी संपली की देश सोडायचा. मग एकाच बाकावर वीस वर्षं बसलेली माणसं चार खंडांत पांगतात. ताईची सगळी माणसं मनामाच्या पवित्र हृदयाच्या चर्चमधली, क्वायरमधली. तिथे रविवार कामाचा दिवस, त्यामुळे खरी गर्दी शुक्रवारच्या मिस्सेला. केनियाची नर्स, बार्देशचं जोडपं, श्रीलंकेची शिवणकाम करणारी आणि बेळगावची आमची ताई, सगळ्या एका पेटीभोवती. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस बहारीनला आले, तेव्हा स्टेडियममधल्या मिस्सेला ताई होती. पण क्वायरमधली जुनी माणसं तोवर निम्मीही उरली नव्हती. त्याच रात्री तिने या प्रवासाचं ठरवलं, असं ती सांगते.

प्रवासाचा एक नियम मात्र तिने माझ्याकडून उचलला. दृढीकरणाच्या वर्गात मी मुलांना प्रेषितांची कृत्ये शिकवते. पौलाचा यरुशलेमकडचा शेवटचा प्रवास नकाशावर दाखवताना एक गोष्ट मला दरवर्षी थांबवते. पौल घाईत आहे, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला त्याला यरुशलेमात पोहोचायचं आहे. वेळ जाईल म्हणून तो इफिसलासुद्धा उतरत नाही, तिथल्या वडीलजनांना मिलेतला बोलावून घेतो. आणि हाच माणूस त्रोवसला सात दिवस राहतो, सोरला सात दिवस राहतो. पुढे कैदी म्हणून रोमला नेत असताना इटलीच्या किनाऱ्यावर बंधुजन भेटतात, तिथेही सात दिवस. सोरला गलबताचा माल उतरायचा होता हे खरं. पण लूक दिवस मोजून लिहितो, आणि इतके दिवस म्हणजे त्यात प्रभूचा एक दिवस येणारच. सोरमध्ये तर शिष्यांना आधी शोधावं लागलं होतं. आठवड्याने निघताना तीच माणसं बायकामुलांसकट शहराबाहेर समुद्रकिनाऱ्यापर्यंत आली आणि सगळ्यांनी वाळूत गुडघे टेकले. मुलंही आली होती, हे लूकने आवर्जून नोंदवलं आहे.

म्हणून ताईचा नियम: कोणाच्याही घरी सात दिवसांपेक्षा कमी राहायचं नाही. जेवून-फोटो काढून निघायचं नाही.

नेगोंबोला मी त्यांच्याबरोबर होते. कोलंबोचा विमानतळ खरं तर कोलंबोपेक्षा नेगोंबोलाच जवळ आहे, त्यामुळे उतरल्यावर अर्ध्या तासात आम्ही मैत्रिणीच्या दारात होतो. कोळ्यांचं गाव. किनाऱ्यावर काथ्याच्या चटयांवर मासळी वाळत घातलेली, कोपऱ्याकोपऱ्यावर संतांच्या घुमट्या. या गावाला लोक छोटं रोम म्हणतात.

याच गावातल्या कटुवापिटियाच्या संत सेबास्टियन चर्चमध्ये २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी, भर मिस्सेत बॉम्ब फुटला. त्या दिवशी श्रीलंकेत चर्चेस आणि हॉटेलं मिळून अडीचशेहून जास्त माणसं मेली, त्यातली शंभराहून अधिक या एका चर्चमधली. मैत्रिणीची धाकटी बहीण त्यांत होती. मैत्रीण तेव्हा बहारीनमध्ये. ती गेली ती परत आलीच नाही. ताईने चार वर्षं फोन केले. फोनवर हवापाण्याचं, मुलांचं, मासळीच्या भावाचं बोलणं व्हायचं, आणि दोघींपैकी एकीला काम आठवायचं.

आम्ही गेलो तेव्हाही पहिले चार दिवस तेच. तिने खूप रांधलं. सकाळी नारळाच्या दुधातला भात, त्यावर मिरची-खोबऱ्याचं सांबोल. आम्ही नेलेले मांडे तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले आणि ते कसे करतात हे तीन वेळा विचारलं. भिंतीवर बहिणीचा फोटो होता. त्याकडे कोणी बघत नव्हतं. मला अस्वस्थ व्हायला लागलं. धर्मशिक्षिकेला गप्प बसणं जड जातं. सांत्वनाची वचनं जिभेवर तयार असतात. ताईने मला डोळ्यांनीच दटावलं. ईयोबाचे तीन मित्रसुद्धा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले होते. त्यांचं बिनसलं ते तोंड उघडल्यावर.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दोघी मागच्या अंगणात मासे साफ करत होत्या, मी भांडं धरून बसले होते. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "त्या दिवसापासून मी गायले नाही." मग सगळं सांगितलं. बहिणीने कोणता झगा घातला होता. ओळख कशी पटवली. शेजारच्या घरातून किती शवपेट्या निघाल्या. कार्डिनल माल्कम रंजित न्यायासाठी सतत बोलत असतात, ते ऐकून बरं वाटतं. पण न्याय मिळाला तरी सकाळी उठल्यावर करायचं काय, असं तिने विचारलं. ताईने उत्तर दिलं नाही. मासे साफ करून झाले तरी त्या दोघी तिथेच बसून होत्या. भाचीने आतून दिवा आणून ठेवला आणि तीही बसली.

रविवारी ती आम्हाला त्याच चर्चमध्ये घेऊन गेली. स्फोटात रक्ताचे शिंतोडे उडालेला पुनरुत्थित येशूचा पुतळा तिथे काचेत जपून ठेवला आहे. डाग पुसलेले नाहीत. आम्ही मिस्सेला बसलो. ती क्वायरकडे गेली नाही, गायलीही नाही. पण गीत सुरू झालं तेव्हा गीतांचं पुस्तक उघडून तिने ताईपुढे धरलं. ताईला सिंहली वाचता येत नाही. पान संपलं की ती पान उलटायची.

तिथून मी बेळगावला परतले, ते चौघे पुढे गेले. नैरोबीचं मला फोनवरून कळलं तेवढंच: नर्सबाईंच्या घरी नातवंडांचा गलका, उगाली खाऊन भाचा कंटाळला, पण फुटबॉलमुळे निघायला तयार होईना. लिस्बनला मित्राला रजाच मिळाली नाही, त्यामुळे ते रोज रात्री साडेनऊनंतर भेटत.

स्विंडनचं मात्र सांगायला हवं. बार्देशचं ते जोडपं पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे गेलं, गोव्याची कितीतरी कुटुंबं गेली तशी. होली रूड चर्चमध्ये रविवारी कोकणी कानावर पडतेच. नवरा दिवसा कामाला, बायको रात्री गोदामात. दोघांची गाठ पडते ती दारात, किल्ली देता-घेता. अशा घरी चार पाहुणे! ताईने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाक हातात घेतला, भावजींनी गळका नळ बसवला, भाचा-भाची त्यांच्या लहानग्याला शाळेत पोहोचवू लागले. मला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला आठवली. क्लौद्याने रोममधून घालवलेलं हे जोडपं करिंथला पौलाला भेटलं, आणि पाहुणा म्हणून नुसता बसून राहिला नाही तो. त्यांचा तंबू करण्याचा धंदा एकच, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे इफिसला काय, परत रोमला काय, त्यांचं बिऱ्हाड जिथे लागलं तिथे त्यांच्याच घरात मंडळी जमली. स्विंडनच्या त्या आठवड्यात कामावर निघण्याआधी रोज संध्याकाळी तेर्स झाला, अर्धा कोकणीत, अर्धा मराठीत. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं आठवडाभर एकत्र तेर्सला बसलो, असं ती मैत्रीण म्हणाली.

फ्लॅट झाला नाही. ताई-भावजी शहापुरात भाड्याने राहतात, दोन खोल्या आणि वर एक पत्र्याची. भाचीला कॉलेजात एक वर्ष मागे बसावं लागलं. काका अजून ते ऐकवतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

येत्या डिसेंबरात नेगोंबोची मैत्रीण येते आहे, नवरा आणि दोन मुलांसह. वरच्या खोलीला रंग देऊन झाला, गाद्या उसन्या मिळाल्या. परवा फोनवर तिने विचारलं की तुमच्याकडे मराठी मिस्सा किती वाजता असते. ताईने वेळ सांगितली. आणि क्वायरचा सराव शनिवारी संध्याकाळी असतो, हेही न विचारता सांगून टाकलं.