रॉकी पर्वताचा घाट आणि आमची उलाळ गाडी

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत आमचे चिरंजीव गेलीं अकरा वर्षें नोकरीनिमित्त राहतात. सन २०२४ च्या भाद्रपदांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे असतांना त्यांची बदली डेन्व्हर शहराहून ग्रँड जंक्शन ह्या पश्चिमेकडील गांवीं झाली. अंतर सुमारें २४५ मैल. पण मध्यें रॉकी पर्वताची रांग आडवी पडली आहे. त्या देशीं हमालांकरवीं बिऱ्हाड हलविणें म्हणजे दोन महिन्यांचा पगार घालविणें होय. म्हणून चिरंजीवांनीं आपल्या सोळा वर्षांच्या लहानशा पिकप गाडीमागें भाड्याचा एक बंद पेटीचा ट्रेलर जोडून दोन खेपांत सामान न्यावें असें ठरविलें.

आदल्या संध्याकाळीं त्यांनीं जी तपासणी केली ती पाहून आम्हांस आमच्या शाळेंतील वार्षिक परीक्षेची आठवण झाली. गाडीमागचा पोलादी गोळा दोन इंच व्यासाचा. त्यावर ट्रेलरची खोबण बसवून, खिटी लावून, दांडा वर उचलून पाहिला. दोन सांखळ्या दांड्याखालून एकमेकींस छेदून अडकविल्या, हेतु असा कीं, खोबण निसटलीच तर दांडा रस्त्यावर न आपटतां सांखळ्यांच्या झोळींत पडावा. टायरांचें वय, हवा, मागचे दिवे, ब्रेक, गिअरपेटीचें तेल, सर्व पाहिलें. ते म्हणाले, "अण्णा, पुस्तिकेंत ही गाडी ३,५०० पौंड ओढते असें लिहिलें आहे, पण तो आंकडा ती नवी असतांनाचा, आणि बहुधा एकटा हांकणारा धरूनच. माणसें बसलीं कीं तेवढा भार वजा करावा लागतो." ह्या ट्रेलरास स्वतःचे ब्रेक नव्हते, दोघांनाही थांबविण्याचें काम एकट्या पिकपचें. म्हणून ओझें सामानासह २,४०० पौंडांच्या आंत ठेवावयाचें आणि सूनबाई, नातू व आमचें कुटुंब ह्यांनीं दुसऱ्या मोटारींतून मागून यावें, असा बेत झाला.

ट्रेलरच्या आंतल्या भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना होती कीं, जड सामान पुढें ठेवावें. सकाळीं चिरंजीव घराच्या किल्ल्या परत करण्यास गेले आणि शेवटची भराभर आमच्याकडे आली. अकरा वर्षांत आम्ही नातवासाठीं म्हणून थोडथोडे आणलेले संस्कृत ग्रंथ, आपट्यांचा कोश व काव्यें, ह्यांच्या चार पेट्या होत्या. उतरतांना प्रथम हातीं याव्या, म्हणून त्या आम्ही अगदीं दाराशीं रचल्या. पाटावरवंटाही तेथेंच ठेवला. पुढें गाद्या आणि कपडे. परत आल्यावर चिरंजीवांनीं विचारलें, "पेट्या पुढें घेतल्यात ना?" आम्ही "हो" म्हणालों. तेव्हां आम्हांस ती गोष्ट क्षुल्लक वाटली, एवढेंच सांगतां येईल.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंच. तेथून ७० क्रमांकाचा राजमार्ग पश्चिमेस चढूं लागतो. हवा विरळ होते, तशी साध्या इंजिनाची शक्ति दर हजार फुटांस शेंकडा तीन ह्या मानानें घटते. वर पोंचेपर्यंत तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. आम्ही उजव्या कडेनें ताशीं चाळीस मैलांनीं रखडत होतों, आणि चिरंजीवांची दृष्टि उष्णतामापकाच्या कांट्यावर खिळली होती. आमची मात्र बाहेर. डोंगरांच्या उतारांवर अ‍ॅस्पेन वृक्ष सोन्यासारखे पिवळे झाले होते. कालिदासास हिमालयाऐवजीं हा पर्वत मिळता तर, अशा कल्पनेंत आम्ही दंग होतों.

११,१५८ फुटांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो. सन १९७३ मध्यें तो वाहतुकीस खुला झाला. लांबी सुमारें पावणेदोन मैल. ह्याच्या माथ्यावर पडलेलें पाणी एका अंगास अटलांटिकाकडे व दुसऱ्या अंगास कोलोरॅडो नदींत जातें. बाहेर पडतांच उतार शेंकडा सात, म्हणजे चौदांत एक. आमच्या बोरघाटांतील लोहमार्गाचा उतार सदतिसांत एक आहे, ह्यावरून वाचकांनीं कल्पना करावी. बोरघाटांत सुटलेली गाडी अडविण्यास चढाच्या फांट्या आहेत. तशाच येथें ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठीं चढत्या खडीच्या वाटा काढल्या आहेत. चिरंजीवांनीं उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घातला. ब्रेक सारखा दाबून न ठेवतां मधून मधून नेटानें दाबून सोडीत. सतत दाबल्यास तो तापून ऐन वेळीं धरीत नाहीं.

इतक्यांत डावीकडून एक प्रचंड ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलरचें शेपूट हलूं लागलें. प्रत्येक झोका मागच्याहून मोठा. पिकपचें ढुंगण डावीउजवीकडे फेकलें जाऊं लागलें. आम्ही ओरडलों, "ब्रेक लाव!" चिरंजीवांनीं लावला नाहीं. वेग देणारा पाय काढून, चक्र सरळ धरून ते निश्चल बसले. अशा वेळीं ब्रेक दाबला कीं मागचें ओझें गाडीला ढकलून आडवें पाडतें, आणि चक्र फिरवून सांवरूं गेल्यास झोका वाढतो. खालच्या गिअरनें वेग हळूहळू उतरला. दहाबारा झोक्यांनंतर ट्रेलर शांत झाला. तेवढ्या वेळांत आम्हीं कोणत्या देवाचें नांव घेतलें हें आठवत नाहीं.

खालीं सिल्व्हरथॉर्न येथें गाडी उभी करून दार उघडलें. पेट्या समोरच होत्या. चिरंजीव एक शब्दही बोलले नाहींत. मागून आलेल्या सूनबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. नातू रडत होता. आमचें कुटुंब तेवढें म्हणालें, "गांवाकडे गाडी उलाळ झाली कीं ओरडायचां ना तुम्ही?"

खरेंच. ओझें मागें झालें कीं जूं वर उचलतें आणि बैलांच्या गळ्यास पट्टा काचतो, हें आम्हीं लहानपणीं शंभरदां पाहिलें होतें. मोटारीस गळा नाहीं. तिच्या मागच्या चाकांवरचा भार उचलला जातो, एवढाच भेद. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यानें गोळ्यावर टाकावा लागतो, म्हणजे आमच्या ट्रेलरास २४० ते ३६० पौंड. तेथें पेट्या दाराशीं रचून आम्हींच तो नाहींसा केला होता.

सर्व सामान काढून, पेट्या व पाटा आंसाच्या पुढें रचून पुन्हा भरलें. पिकपचा मागचा भाग तीन बोटें खालीं बसला. पुढें व्हेल खिंड, ग्लेनवुडची दरी, कोलोरॅडोचें पाणी, सर्व निर्विघ्न पार पडलें. ट्रेलर गरीब गाईसारखा मागून येत होता. ती दरी फार सुंदर आहे असें म्हणतात. आम्ही आरशांतून मागेंच पाहत होतों.

रात्रीं नऊ वाजतां ग्रँड जंक्शनास सामान उतरलें. पेट्या आतां सर्वांत शेवटीं निघाल्या. चिरंजीव पुढें आले, पण त्या चारही आम्हींच जिन्यावरून वर नेल्या.