भाच्याचा प्रश्न : कोणती रायफल, कोणते काडतूस?

खडकी, बोपोडी, दापोडी भागात वाढलेल्या मुलांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बाहेरचे लोक ज्याला सरसकट ‘गोळी’ म्हणतात ते खरे तर काडतूस असते. गोळी हा त्याचा फक्त पुढचा भाग. मागे पितळी पुंगळी, पुंगळीच्या बुडाशी कॅप, आत दारू आणि टोकाला गोळी, असे चार भाग मिळून एक काडतूस होते. पुंगळीच्या पितळेचेही माप ठरलेले असते : शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त.

आमच्याकडे हे ज्ञान पुस्तकातून आले नाही, पगाराच्या पाकिटातून आले. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ साली सुरू झाली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. तिच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. आपल्या समाजातील कितीतरी घरांच्या चुली या कारखान्यावर पेटल्या, मुले शिकली, मुली शिक्षिका झाल्या. मीही तिथे तपासणीच्या कामावर नोकरी करून निवृत्त झालो.

त्यामुळे अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने प्रश्न विचारला तो मलाच. त्याच्या कामावरचे लोक दर शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला जातात. यंदा तेही चल म्हणाले. ‘मामा, तुम्ही आयुष्यभर काडतुसं केलीत. कोणती रायफल घेऊ आणि कोणतं काडतूस, ते तुम्हीच सांगा.’

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतले मोठे हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. आपल्याकडे त्याच्या जवळचे जनावर म्हणजे ताडोबा-मेळघाटातले सांबर. सिलोनमधले इंग्रज शिकारी तर सांबरालाच ‘एल्क’ म्हणत. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच रद्द झाले. म्हणून पुढे जे लिहितो ते तिकडच्या कायद्याखालचे आहे. इकडे कोणी त्याचा उपयोग करू पाहील तर त्याची जागा तुरुंगात आहे.

उत्तर द्यावे की नाही, यावरच आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली. माझी आई पंच्याऐंशीची आहे. पंचशीलातले पहिले शील ती रोज म्हणते, नुसती म्हणत नाही, पाळते. तिचे म्हणणे सरळ होते : जीव घ्यायची विद्या नातवाला कशाला द्यायची? भाचा म्हणाला, ‘आजी, मटण तर आपण खातोच. कापतो दुसरा, एवढाच फरक.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मामा, तुमच्या काडतुसांनी काय फुलं उधळली का?’

हा प्रश्न खडकीतल्या प्रत्येक उपासकाला कधी ना कधी पडलेला आहे. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे भगवान बुद्धांनी सांगितले, त्यात शस्त्रांचा व्यापार आहे. आम्ही व्यापारी नव्हतो, देशाच्या सैन्यासाठी काम करणारे कामगार होतो, असे मी स्वतःला सांगत आलो. ते खोटे नाही, पण त्याने प्रश्न संपतो असेही मी म्हणणार नाही.

शेवटी मी उत्तर द्यायचे ठरवले. कारण भाचा जाणार हे नक्की होते. मी गप्प बसलो असतो तर जनावर वाचले नसते. उलट चुकीच्या काडतुसाने जखमी होऊन रानात दोन दिवस तडफडत मेले असते. ज्याला माहीत आहे त्याने अशा वेळी तोंड मिटून बसणे मला शीलाचे पालन वाटले नाही.

त्याच्या मित्रांनी त्याला .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्यायला सांगितले होते. हे काडतूस १९६३ सालचे. जनावर मोठे, म्हणून काडतूस मोठे, असा त्यांचा हिशेब. १८० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅमची गोळी ते सेकंदाला सुमारे नऊशे मीटर वेगाने फेकते. १९०६ सालचे जुने .३०-०६ काडतूस तीच गोळी सुमारे आठशे वीस मीटर वेगाने फेकते. कागदावर मॅग्नम सरस. पण जितका जोर पुढे, तितका धक्का मागे, खांद्यावर. नवशिक्या माणसाला दोन-चार बारांतच त्या धक्क्याची धास्ती बसते. मग घोडा दाबण्याआधीच त्याचे डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि नेम सरकतो. पोटात लागलेली मॅग्नमची गोळी काही कामाची नाही. पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसात लागलेली साधी गोळी एल्कला थोड्याच वेळात खाली बसवते.

म्हणून मी त्याला .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ यांपैकी एक घ्यायला सांगितले. रायफल साधी, हाताने बोल्ट मागेपुढे करायची. .३०८ हे १९५२ सालचे काडतूस. आमच्या कारखान्यात सैन्यासाठी होणाऱ्या ७.६२ काडतुसाचे ते सख्खे भावंड, मापाने जवळजवळ तेच. ते ऐकून भाचा खूश झाला. म्हणाला, ‘म्हणजे खडकीचंच!’

मी म्हटले, थांब. काडतूस खडकीचे चालेल, गोळी खडकीची चालणार नाही.

सैन्याच्या गोळीतल्या शिशावर पुढून टोकापर्यंत कठीण धातूचे पूर्ण कवच असते. ती अंगात शिरून फारशी न पसरता आरपार जाऊ शकते. युद्धात ती तशी असण्यामागे इतिहास आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात इंग्रजांनी उघड्या, मऊ टोकाची गोळी बनवली. ती शरीरात फुलून भयंकर जखम करी. १८९९ साली हेग येथे झालेल्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असा ठराव केला. सैनिकाला लढाईतून बाजूला करायचे, त्याला विनाकारण यातना द्यायच्या नाहीत, हा विचार त्यामागे होता.

शिकारीत नेमके उलटे आहे. तिथे कवचाची गोळी आरपार गेली तर जनावर जखम घेऊन मैलोन्मैल पळते आणि कुठेतरी झुडपात सावकाश मरते. फुलणारी गोळी लवकर मारते. म्हणून कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी फुलणारी गोळीच वापरावी लागते, कायदाच तसा आहे. एल्कसाठी ती किमान ८५ ग्रेनची हवी, असेही तिथला नियम सांगतो. माणसासाठी जी गोळी क्रूर ठरली, तीच जनावरासाठी दयेची ठरली. आयुष्यभर काडतुसे हाताळली, पण या गोष्टीचा असा विचार मी भाच्याच्या प्रश्नानंतरच केला.

गोळी शक्यतो तांब्याची घ्यावी, हेही मी कळवले. शिशाची गोळी फुटते, तिचे बारीक कण मांसात मिसळतात आणि ते मांस घरातली लहान मुले व गरोदर बाया खातात. रानात टाकलेली आतडी गरुड-गिधाडे खातात आणि शिशाच्या विषाने मरतात. कॅलिफोर्निया राज्याने याच कारणाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. जनावरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने आपल्याकडची गिधाडे कशी संपत आली, हे आपण पाहिलेच आहे.

तपासणीच्या कामाने मला एक शिस्त दिली, तीही त्याला दिली. आमच्याकडे एका काडतुसावरून लॉट पास होत नसे. नमुने काढायचे, वेग पाहायचा, दाब पाहायचा. एक चांगले निघाले याला किंमत नाही, सगळी सारखी निघाली तर किंमत. नेमबाजीचेही तसेच आहे. एकाच लॉटची काडतुसे घे. त्यांच्यावरच दुर्बीण जुळव. मग टेबलाचा आधार सोडून, बसून आणि गुडघ्यावर टेकून, नाश्त्याच्या बशीएवढ्या कागदावर पाच बार काढ. ज्या अंतरावर पाचही बशीत बसतात, तेवढेच तुझे अंतर. काडतूस पाचशे मीटर जाते, म्हणून तू पाचशे मीटरवरून मारू नकोस.

भाचा म्हणाला, मित्र हसतील. हसू दे. आपल्या मागच्या पिढ्यांचाही शिकारीशी संबंध होता, पण बंदूक हातात धरण्याचा नव्हता. साहेब किंवा संस्थानिक मचाणावर बसत आणि हाका घालायला गावातली गोरगरीब माणसे वेठीला धरली जात. जखमी जनावर उलटले तर आधी अंगावर घेणारी तीच. मचाणावरच्याने नीट नेम धरला की नाही, यावर खालच्याचा जीव अवलंबून असे. आज आपल्या घरातला मुलगा बंदुकीच्या मागे उभा राहणार असेल, तर समोरच्याचे काय होते हे विसरण्याची मुभा त्याला नाही.

हे सगळे मी चार पाने भरून लिहिले आणि आईला वाचून दाखवले. आकडे तिला कळले नाहीत, तिने ते विचारलेही नाहीत. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘खाली माझंही एक लिही. जनावर समोर आलं आणि मन झालं नाही, तर बंदूक खाली ठेव म्हणावं. पैसे गेले तरी चालतील. रिकाम्या हातानं आला तर आजी काही म्हणणार नाही.’

ते वाक्य मी तसेच लिहिले. सल्ल्याच्या सगळ्या मुद्द्यांच्या वर, पहिल्या क्रमांकावर.