चढते काठिण्य आणि त्याचे कथात्म कारण

परग्रहवासीयांच्या आक्रमणावर बेतलेल्या डावपेचांच्या संगणक-खेळांत एक विसंगती मुळातच असते. ताऱ्यांमधले अंतर ओलांडून आलेला शत्रू दुर्बळ सैनिक आधी धाडतो आणि प्रबळ सैनिक राखून ठेवतो. त्याने पहिल्याच रात्री सारे बळ एकवटले तर पृथ्वी पडेल. पण मग खेळही संपेल. खेळाडूला शिकण्यास अवसर मिळावा म्हणून शत्रू क्रमाक्रमाने वाढावा लागतो. ही रचनेची निकड आहे. बोरिस तोमाशेव्स्की यांनी १९२५ मध्ये कथाघटकांच्या प्रयोजनाचा जो विचार मांडला, त्याच्या आधारे विचारावे लागते : या निकडीला कथेच्या विश्वात कोणते कारण लाभते?

महाकाव्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. वाल्मीकींच्या युद्धकांडात धूम्राक्ष, अकंपन, प्रहस्त आधी पडतात. कुंभकर्ण मागाहून येतो, कारण तो निद्रिस्त असतो. त्याची निद्रा ही रचनेची सोय खरी, परंतु ती त्याच्या प्रकृतीतून आल्याने सोय वाटत नाही.

ज्युलियन गोलॉप यांच्या ‘यूएफओ : एनिमी अननोन’मध्ये (१९९४) शत्रू महिन्यांगणिक बलवान होतो आणि दिनदर्शिकेपलीकडे त्याचे कारण दिले जात नाही. फायरॅक्सिसच्या ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’मध्ये (२०१२) ते अखेरीस उघड होते. आक्रमणाचे सूत्रधार इथिरियल मानवाची परीक्षा घेत होते; आधी धाडलेले जीव म्हणजे त्यांच्याच पूर्वीच्या फसलेल्या प्रयोगांची फलिते. विसंगती मिटते, पण विजयाचा अर्थ पालटतो. या खेळात पडलेला सैनिक परत येत नाही. खेळाडूने स्वतः नाव दिलेली माणसे कायमची जातात. ज्या प्रतिकारासाठी ती गेली, तो शत्रूने आखलेल्या परीक्षेचाच भाग ठरतो. अंतिम विजय शत्रूविरुद्ध असला, तरी त्याची पात्रता शत्रूच्याच निकषांवर सिद्ध झालेली असते.

‘एक्सकॉम २’ (२०१६) मानव पहिले युद्ध हरला असे गृहीत धरतो. आता शत्रू राज्यकर्ता आहे. विखुरलेले बंडखोर त्याला प्रारंभी क्षुल्लक वाटावेत आणि बंड पसरेल तसे दमन वाढावे, हे सत्तेच्या स्वभावाला धरूनच आहे. काठिण्याला येथे राजकीय कारण मिळते आणि प्रतिकाराचे श्रेय पुन्हा प्रतिकार करणाऱ्यांकडे येते. म्हणूनच शत्रू का वाढतो, याचे उत्तर कथानकाचे एक छिद्र बुजवण्यापुरते राहत नाही. विजय कोणाचा, हेही तेच ठरवते.