बारा गुणांचा विषय आणि अर्ध्यात कापलेला व्हिडिओ

दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या पेपरात राज्यशास्त्राला १२ गुण असतात. त्यामुळे "सर, नागरिकशास्त्राच्या तासाला पिक्चर कसले दाखवता? त्यापेक्षा गणिताचा जादा तास घ्या की," असं पालक म्हणतात तेव्हा मला राग येत नाही. त्यांचा हिशेब बरोबर आहे. १२ गुणांसाठी एवढा खटाटोप कोण करतो? पण गेली काही वर्षं मी तो करतोय, आणि का करतोय हे एकदा नीट लिहून काढावं म्हणून ही पोस्ट. लांब झालीय, सवडीने वाचा.

आधी काय करतो ते सांगतो. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेचे शेवटचे दोन तास, नववी-दहावीची मुलं एका वर्गात बसवतो. एक जुना प्रोजेक्टर, पडदा म्हणून चुन्याची भिंत, खिडक्यांवर सतरंज्या. एक डॉक्युमेंटरी लावतो. पूर्ण क्वचितच. बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटं, तीही मध्ये चारदा थांबवून. मग प्रश्न. बस्स.

याचं कारण २०१८ सालात आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं जमावाने मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा त्या भागात मोबाईलवरून फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन त्यांना मारलं गेलं. ग्रामपंचायतीच्या! ज्या संस्थेवर आम्ही पाचवीपासून धडे शिकवतो, तिच्याच खोलीत. मेलेल्यांपैकी काही जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मी याच जिल्ह्यात शिकवतो.

त्या काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एक पोर उचलतात आणि पसार होतात. हा व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघं लगेच परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि एक पाटी दाखवतात, की बघा, मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो. कुणीतरी ते परत येणं आणि ती पाटी कापून टाकली. उरलेला तुकडा भारतात आला.

आता यातली गोम बघा. त्या तुकड्यातलं एकही दृश्य कॉम्प्युटरवर तयार केलेलं नव्हतं. फक्त शेवट कापला होता. "फेक व्हिडिओ ओळखा" असं मुलांना नुसतं सांगून भागत नाही ते यासाठी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. ठीक आहे. पण पाच ठिकाणी पाठवण्याआधी "याच्या पुढचं कुठाय?" हा प्रश्न पडायला हवा, तो कुठलं ॲप पाडणार?

दहावीच्या पुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' असा धडाच आहे. माध्यमांतली माहिती तपासून घ्यावी हे मुलं व्यवस्थित पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळवतात. आणि घरी जाऊन आलेलं फॉरवर्ड करतात. कापणं म्हणजे काय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून डॉक्युमेंटरी. कथापट रचलेला असतो हे पोरांना ठाऊक असतं, "खरं" म्हणून समोर येणारं चित्रही रचलेलंच असतं हे ठाऊक नसतं.

सुरुवात 'नॅनूक ऑफ द नॉर्थ'पासून करतो. १९२२ ची मूक फिल्म, रॉबर्ट फ्लॅहर्टीची. कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट कुटुंबाची. मुलं तोंड उघडं टाकून बघतात. बर्फाचं घर बांधताना तर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. मग मी थांबवतो आणि सांगतो: घराच्या आतलं शूटिंग करायचं होतं, तर आत उजेड नव्हता, कॅमेरा मावत नव्हता. म्हणून अर्धवट कापलेलं बर्फाचं घर बांधलं आणि त्यात ते कुटुंब झोपल्याचं दाखवलं. नायकाचं नाव नॅनूक नव्हतं, अल्लाकारिअल्लाक होतं. ती माणसं तोवर बंदुका वापरायला लागली होती, पण फिल्मसाठी भाल्याने शिकार केली.

"सर, मग हे खोटंच हाय की!" दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. मी उत्तर देत नाही. मागे एका मुलीने दिलं. म्हणाली, "आपल्याकडं पण शूटिंगवाले आले की बैलगाडी मागत्यात. गावात ट्रॅक्टर हायत तरी." सगळा वर्ग हसला. पण इथून चर्चा बदलली. थंडी खरी, बर्फ खरा, भूक खरी. मग खोटं नक्की काय? बाहेरच्या माणसाला आपण कसे दिसावे असं वाटतं, आणि आपण कसे असतो, यातलं अंतर. ते पुस्तकातल्या व्याख्येत बसत नाही, पण पोरांना बरोबर कळतं.

दुसरा एक तीन मिनिटांचा तुकडा दाखवतो. १ एप्रिल १९५७ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून शेवयांसारखी स्पॅगेटी तोडतानाचं दृश्य दाखवलं होतं. आवाज रिचर्ड डिंबलबी या अत्यंत मानाच्या निवेदकाचा. एप्रिल फूल. आमची पोरं खदखदून हसतात, कारण शेवया कशा होतात ते त्यांनी आजीजवळ बसून पाहिलंय. पण त्या वेळच्या ब्रिटनमध्ये स्पॅगेटी फारशी कुणी खात नव्हतं, आणि अनेकांनी फोन करून विचारलं की हे झाड कसं लावायचं! हसून झालं की मी एवढंच विचारतो, "आपल्याला माहीत नसलेल्या कुठल्या गोष्टी आपण मोठ्या आवाजाच्या माणसाकडून ऐकून मान्य केल्यात? यादी करा." यादी वाचण्यासारखी असते. इथे देत नाही, कारण त्यात सगळ्याच पक्षांचे लोक आहेत.

आता नागरिकशास्त्र. 'निवडणूक प्रक्रिया' हा धडा आला की मी 'प्लीज व्होट फॉर मी' लावतो. वेइजुन चेन या चिनी दिग्दर्शकाची २००७ ची फिल्म, तासाभराच्या आतली. चीनमधल्या वुहान शहरातली एक प्राथमिक शाळा, तिसरीचा वर्ग. पहिल्यांदाच मॉनिटर मतदानाने निवडायचाय. उमेदवार तीन: दोन मुलगे, एक मुलगी. कलागुण दाखवायचे, वादविवाद करायचा, भाषण करायचं. आठ-नऊ वर्षांची पोरं! आणि काय नाही होत? प्रतिस्पर्धी मुलगी गायला उभी राहिली की ओरडायचं हे आधीच ठरवून तिला रडवतात. आईवडील घरी भाषणं पाठ करून घेतात. एका उमेदवाराचे आईवडील पोलीस खात्यात, ते सगळ्या वर्गाला मोनोरेलची सफर घडवतात. मतदानाच्या दिवशी तोच मुलगा सणाची म्हणून भेटकार्डं वाटतो.

निकालाच्या आधी मी फिल्म थांबवतो आणि आमच्या वर्गात चिठ्ठ्या वाटतो. तिघांपैकी तुम्ही कुणाला मत द्याल? गुप्त मतदान. मग खरा निकाल दाखवतो: सफर आणि भेटकार्डंवाला जिंकतो, तोच आधीचा मॉनिटर, जो मुलांना मारतो अशी तक्रार वादविवादात झालेली असते. आमच्या भिंतीवरही तो एकदा जिंकलाय.

त्यानंतरची चर्चा मी कधीच विसरणार नाही.

"सर, ती लाच नव्हती. सहल होती."

"मग ग्रामपंचायतीला ढाब्यावर जेवणं असत्यात ती काय असत्यात?"

"ते जेवण असतंय. जेवायला घातलेलं लाच कसं?"

"आमचे पप्पा सगळ्यांचं जेवत्यात आणि मत मनाला येईल त्याला देत्यात."

एक तास पुरला नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३, मतदाराला लालूच देणं हा भ्रष्टाचार, हे मी फळ्यावर लिहिलं. एरवी हे कलम सांगितलं असतं तर पोरांनी जांभया दिल्या असत्या. त्या दिवशी तीन जणांनी वहीत उतरवून घेतलं. आणि एका अबोल मुलाने शेवटी विचारलं, "सर, समोर कॅमेरा होता, तरी त्यांनी कार्डं वाटली? म्हणजे त्यांना त्यात चुकीचं काही वाटलंच नाही?" याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाने विचारलेला याहून चांगला राजकीय प्रश्न मी ऐकलेला नाही.

आता अवघड भाग. भारतातल्या फिल्म दाखवल्या की कुरबुर सुरू होते. "मुलांच्या डोक्यात राजकारण घालता," हे मला तोंडावर ऐकवलं गेलंय. मी आनंद पटवर्धनांची 'बॉम्बे: हमारा शहर' दाखवतो, १९८५ ची. मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडल्या जातात त्याची. ती झोपडीवाल्यांच्या बाजूची आहे, हे मी आधीच सांगतो, लपवत नाही. त्यात एक बाई थेट दिग्दर्शकालाच सुनावते, की तुमच्या या शूटिंगने आमचं काय भलं होणार? आणि पटवर्धनांनी ते कापलेलं नाही. कराचीची पाटी कुणीतरी कापली, इथे स्वतःवरची टीका माणसाने ठेवली. दोन्ही गोष्टी कात्रीच्याच. फरक मुलांना सांगावा लागत नाही.

त्याच वर्षी, जुलै १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही, पावसाळा संपेपर्यंत तेवढं थांबायला सांगितलं. फिल्म आणि निकाल शेजारी ठेवले की मुलांच्या लक्षात येतं, की कॅमेऱ्याला माणसाची बाजू घेता येते, न्यायालयाला दोन्हीकडचं ऐकून काहीतरी ठरवावं लागतं. राज्यघटना म्हणजे नुसती कलमं नव्हेत, हे याहून सोप्या पद्धतीने मला शिकवता आलेलं नाही.

आणि एक नियम पक्का आहे. कुठलीही फिल्म असो, शेवटी प्रत्येकाने तिच्या विरोधात एक मुद्दा लिहायचा. फिल्म आवडली असेल तर दोन. सरकारची बाजू मांडणाऱ्या जुन्या फिल्म्स डिव्हिजनच्या फितींनाही हाच नियम. वयाने मोठ्या वाचकांना आठवत असतील, थिएटरात मुख्य सिनेमाआधी सक्तीने दाखवायचे त्या.

यात एक धोका आहे, आणि तो मला खरा वाटतो. चार महिने असं सगळं दाखवलं की पोरं म्हणायला लागतात, "सगळंच खोटं असतं. बातम्या बघायच्याच नाहीत." ज्याला सगळंच खोटं वाटतं तो मग आपल्या मनाला जे बरं वाटेल ते खरं धरतो. अफवेला तसलाच माणूस हवा असतो.

त्यावर उपाय म्हणून आम्ही फिल्म बनवायला लागलो. मागे गावात आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. दोन मोबाईलवर मुलांनी चाळीसेक मिनिटांचं शूटिंग केलं. टाकी, रिकाम्या घागरी, बायकांची बोलणी, ग्रामपंचायतीच्या क्लार्कची मुलाखत. क्लार्क म्हणाले, "मोटार जळलीय, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवलाय, पण निम्म्या गावाने पाणीपट्टीच भरली नाही." मग वर्गाचे दोन गट. तेच शूटिंग, तीन मिनिटांची फिल्म, एकही खोटा शब्द टाकायचा नाही. पहिल्या गटाने क्लार्कचं "मोटार जळलीय" एवढंच ठेवलं आणि पुढे रिकाम्या घागरी लावल्या. दुसऱ्या गटाने "निम्म्या गावाने पट्टीच भरली नाही" एवढं ठेवलं आणि पुढे दारात उभ्या असलेल्या गाड्या लावल्या. दोन्ही फिल्म खऱ्या. आणि बघणारा एकीत ग्रामपंचायतीला शिव्या घालणार, दुसरीत गावाला.

वर्ग गप्प झाला. मग म्हटलं, आता तिसरी करा, जिच्यात दोन्ही वाक्यं असतील. ती करताना अडले. निम्म्या गावाने म्हणजे किती? प्रस्ताव कधी पाठवला? कुणाकडे? म्हणजे रजिस्टर बघायला हवं. मुलं पुन्हा ग्रामपंचायतीत गेली. वसुलीचा आकडा मागितला. तो मिळाला. निम्म्याहून बराच कमी लोकांची थकबाकी होती. प्रस्तावाची तारीख मात्र मिळाली नाही. तिसरी फिल्म पाच मिनिटांची झाली, कंटाळवाणी झाली, आणि तिच्या शेवटी पाटी आली: "प्रस्तावाची तारीख सांगितली गेली नाही." मला त्या पाटीचा फार अभिमान वाटतो. "सगळंच खोटं" म्हणणारा मुलगाच ती लिहायला बसला होता.

शिक्षक मित्रांसाठी थोडं व्यवहाराचं. प्रोजेक्टर नसेल तर टीव्ही चालतो, टीव्ही नसेल तर लॅपटॉप आणि वीस मुलं चालतात. फिल्म आधी स्वतः पूर्ण बघा. मुलांच्या वयाला झेपणार नाही असं काही असेल तर गाळा, पण गाळलंय हे मुलांना सांगा. तोही धडाच आहे. आणि पाच प्रश्न फळ्यावर कायम ठेवा: हे कुणी बनवलं? पैसे कुणाचे? कोण बोलतंय? कुणाला बोलू दिलेलं नाही? याच्या आधी आणि पुढे काय होतं?

गेल्या पालकसभेत एक वडील जरा वैतागून म्हणाले, "सर, घरच्या ग्रुपवर काही टाकलं की पोरगी विचारतीय, याचं पुढचं कुठाय? पाहुण्यांसमोर विचारतीय." मी म्हटलं, उत्तर काय देता? म्हणाले, "काय देणार? डिलीट करतो."

ही पोरं आज पंधरा वर्षांची आहेत. तीन वर्षांनी मतदान करतील, आणि मोबाईल तर आत्ताच हातात आहे. गणिताचा जादा तास मी घेईन, त्याला ना नाही. फक्त महिन्यातला तो एक शनिवार मागू नका.