निवाडा

आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडातील संगणक पत्रे लिहिताना कधी अडत नसे. मुलगा खेळावयास बसला की पंधरा मिनिटांत बंद पडे. मुलानेच तो बिघडविला, असा घराचा निवाडा झाला. आम्हांस तो पटेना. खेळात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने राबतात, तापतात. मर्यादा ओलांडली की यंत्र स्वतःच्या रक्षणार्थ थांबते. वीज तोडून झाकण काढले. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत धुळीची गादीच बसली होती! ती मऊ ब्रशाने झाडली. लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. भडकमकर मार्ग म्हणतो कोण!) उष्णतावाहक लेपाची नळी आणली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा दिला. पूर्वी ९५ अंशांवर चढणारे तापमान ७० पाशी स्थिरावले. मुलगा दोन तास खेळला. आजीने निवाडा मात्र अद्याप मागे घेतलेला नाही.